'मी बघतो' म्हटलेली कामे

कार्यकर्त्याच्या तोंडी दोन शब्द सदैव असतात : "मी बघतो." रेशनकार्डात सुनेचे नाव चढत नाही, मी बघतो. म्हातारीच्या निराधार योजनेचे पैसे तीन महिने आले नाहीत, मी बघतो. मुलाचा जातीचा दाखला अडकला, मी बघतो. गेली वीस-बावीस वर्षे मीही हे दोन शब्द सढळ हाताने वाटीत आलो आहे. समोरचा माणूस ते ऐकून निर्धास्त होतो आणि घरी जातो. त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरून माझ्या डोक्यात येऊन पडते. तिथे ते किती दिवस टिकते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मला ते विचारावे लागले २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात. आमच्या वस्तीतील एक मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील रिक्षा चालवितात, आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या शिष्यवृत्तीचा नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज त्रुटी काढून परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती, एवढीच त्रुटी. दाखला नीट स्कॅन करून चढवायचा आणि अर्ज पुन्हा सादर करायचा, अर्ध्या तासाचे काम. मुलीची परीक्षा चालू होती. तिच्या आईने दाखला माझ्या हातात दिला. मी तो बॅगेत ठेवला आणि म्हणालो, "मी बघतो."

त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात लेखापरीक्षक आलेले. रोज रात्री नऊ वाजता कल्याणला उतरत होतो. रविवारी वस्तीत मयत झाली, तिकडे दिवस गेला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन माणसे तीन कामे घेऊन आली, आणि नव्या कामाने जुने काम मागे ढकलले. शिवाय मनाच्या कोपऱ्यात एक भरवसा होताच, की अशा अर्जांना मुदतवाढ मिळतेच. या भरवशाने आपल्या लोकांचे किती नुकसान केले असेल, त्याची मोजदाद नाही. एके दिवशी लोकलमध्ये दुसराच कागद शोधताना तो दाखला बॅगेतून बाहेर आला. तारीख उलटून चार दिवस झाले होते. त्या वेळी मुदतवाढ मिळाली नाही.

महाविद्यालयाने फी मागितली. आईने बचत गटातून कर्ज उचलले. मी त्यांच्या घरी गेलो, चुकलो म्हणून सांगितले. त्या माउलीने चहा केला आणि म्हणाली, "राहू द्या दादा, तुम्हाला तरी किती जणांची कामं." शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. ते वाक्य अजून सहन होत नाही.

रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडू लागलो. मी बी.कॉम. झालेला माणूस, कारकुनी करतो. कार्यालयात माझ्या टेबलावरून एक कागद हरवला असे आजवर झालेले नाही. मग एका गरीब मुलीचा दाखला माझ्या बॅगेत महिनाभर कसा पडून राहिला? उत्तर सोपे होते आणि लाजिरवाणेही. कार्यालयातल्या कागदाला आवक क्रमांक असतो, वस्तीतल्या कागदाला नसतो. कार्यालयात साहेब आठवड्याचा गोषवारा मागतात, वस्तीत कोणी मागत नाही. पगाराचे काम मी नोंदवहीवर करीत होतो आणि समाजाचे काम आठवणीवर.

सरकारी कचेऱ्यांतील मंडळींना 'सहा गठ्ठे पद्धत' ठाऊक असेल. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे, असा तिचा नियम : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. आम्ही कारकून तिची टिंगल करतो, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. 'प्रलंबित' म्हणजे चेंडू आपल्याकडे आहे. 'प्रतीक्षाधीन' म्हणजे आपण आपले केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. 'नियतकालिके' म्हणजे दर महिन्याला वा दर तिमाहीला ठरलेल्या तारखेला जाणारच असे काम. हा फरक डोक्यात राहत नाही. डोक्यात सगळ्याची एकच खिचडी असते, आणि तिच्यातून जे काम शेवटी ऐकले तेच वर येते.

प्रथम वही केली. वही चांगलीच, पण ती नेमकी घरी राहायची, आणि वही कधी हाक मारीत नाही. म्हणून मोबाइलकडे वळलो. गुगल टास्क्स नावाचे एक साधे ॲप आहे, २०१८ पासून ते स्वतंत्रपणे फुकट मिळते. अधिकचे चिन्ह दाबायचे, काम लिहायचे, तारीख-वेळ घालायची. वेळ झाली की फोन आठवण करतो. काम झाले की शेजारच्या गोलावर बोट ठेवायचे, काम यादीतून खाली जाते. मराठीत लिहिलेले चालते. लोकलमध्ये फोन चोरीला गेला तरी यादी जात नाही, कारण ती आपल्या ईमेलच्या खात्यात असते. मायक्रोसॉफ्टचे टू डू नावाचे ॲपही असेच आहे.

ॲपवर जीव मात्र लावू नये. वंडरलिस्ट नावाचे असेच एक फार लोकप्रिय ॲप होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ते विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. आपली यादी इतकी साधी असावी, की प्रसंग पडल्यास अर्ध्या तासात वहीत उतरवून घेता येईल.

हे ज्ञान मला नंतर आले. आधी मी नवशिक्याचा सगळा मूर्खपणा केला. पहिल्याच रविवारी डोक्यातले सगळे ओतून ६३ कामे लिहिली. शिक्षण, आरोग्य, रेशन, पोलीस, वाचनालय अशा नऊ याद्या केल्या. प्रत्येक कामाला तारीख दिली, बहुतेक कामांना सोमवार! सोमवारी सकाळपासून फोन असा काही किणकिणू लागला, की शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "साहेब, लग्न आहे का घरी?" तीन दिवसांत मी आठवणी बंद केल्या आणि दहा दिवसांत ॲप उघडणे सोडले. यादी नीट लावण्यात जो वेळ गेला, त्यात चार कामे झाली असती.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती गठ्ठ्यांवरून. सहातले तीन घेतले : 'करायचे', 'प्रतीक्षाधीन' आणि 'नियतकालिके'. बाकी काही नाही.

आणि काम लिहायची भाषा बदलली. 'जयंतीची तयारी' हे काम नव्हे. ती तीस कामांची मोळी आहे, आणि मोळीकडे पाहिले की माणूस पाठ फिरवतो. 'पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज देणे' हे काम. 'काकूंचे पेन्शन' हे काम नव्हे, 'काकूंच्या पासबुकात नोंद करून आणणे' हे काम. वाक्याच्या शेवटी देणे, आणणे, विचारणे, भरणे असे क्रियापद आले नाही तर समजावे, की आपण काम लिहिलेले नाही, काळजी लिहिली आहे.

'प्रतीक्षाधीन' ही यादी कार्यकर्त्याला सर्वांत उपयोगाची, असे माझे मत झाले आहे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला, की ३० दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांत दुसरे अपील. अर्ज करणारे पुष्कळ, अपिलापर्यंत पोहोचणारे थोडे, कारण तारीख कोणाच्याच लक्षात नसते. आता मी अर्ज दिला, की तिथेच कार्यालयाच्या पायरीवर उभा राहून ३१ व्या दिवसाची तारीख घालतो आणि पोचपावतीचा क्रमांक खाली तपशिलात लिहितो. मात्र लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते, पासवर्ड असले काही त्यात लिहू नये. यादी आपली असली तरी ती माहिती दुसऱ्याची आहे.

एक गोष्ट मला अनुभवाने कळली, ती मानसशास्त्रज्ञांनी तपासलेली आहे हे नंतर वाचले. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली असे मांडले, की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम माणसाच्या अधिक लक्षात राहते. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत सर्वांनाच तसे आढळले नाही. (माझ्या बॅगेतला दाखलाही त्याविरुद्धच साक्ष देईल.) पण २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघा अभ्यासकांनी दाखविले, की अपुरे काम मनाला टोचत राहते आणि ते केव्हा व कसे करायचे याचा नेमका बेत केला, की काम व्हायच्या आधीच ती टोचणी कमी होते. रात्री झोप का लागू लागली, याचा मला उलगडा झाला.

यादी मी दोनदा पाहतो. सकाळी कल्याणहून गाडी सुटल्यावर, बसायला मिळाले तर. आणि रात्री जेवणापूर्वी. सकाळी त्यातली तीन कामे निवडतो, त्यावर नाही. कोणी म्हणेल, तीनच? नोकरी सांभाळून, प्रवास करून रोज तीन कामे पुरी करणारा कार्यकर्ता मला दाखवा, मी त्याचा सत्कार करीन.

यादीने आणखी एक अवघड गोष्ट शिकविली. कोणी काम घेऊन आले, की आता मी त्याच्यासमोरच फोन काढतो आणि लिहितो. लिहिताना वरची अठरा कामे डोळ्यांपुढे येतात, आणि कधी कधी तोंडून निघते, "काका, हे माझ्याकडून या महिन्यात होणार नाही. तुम्ही अमक्याकडे जा." पहिल्यांदा असे म्हणालो तेव्हा काका रागावले. पण त्यांचे काम दुसऱ्याकडून आठ दिवसांत झाले.

आता घरची गोष्ट, ती टाळता येणार नाही. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या ॲपवर रोजच्या नोंदी करण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चपळ चालतो. एका रात्री मी मोठ्या कौतुकाने तिला माझी यादी दाखविली. तिने वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "अहो, सगळ्या वस्तीची कामं आहेत यात. घरचं एक तरी आहे का?"

एकही नव्हते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा नंबर, वीजबिल, मुलाचा पास, नळाचा वायसर, मुलीच्या शाळेतली सभा, हे सारे तिच्या डोक्यात होते. त्या यादीला ना आवक क्रमांक, ना गोषवारा, ना आठवण करणारा फोन. मी कार्यालयात नोंदवही, वस्तीसाठी ॲप आणि घरासाठी बायकोचे डोके वापरीत होतो. मी म्हणालो, "तू सांग, मी लिहून घेतो." ती म्हणाली, "लिहून घेऊन सांगणार मलाच ना? त्यापेक्षा यातली निम्मी तुमची म्हणून लिहा."

तेव्हा 'घर' ही चौथी यादी झाली. आईच्या गोळ्या माझ्याकडे आल्या, दर महिन्याच्या २५ तारखेला आपोआप पुन्हा उगवणारे काम म्हणून. पहिल्याच महिन्यात मी घोटाळा केला. संध्याकाळी फोनने आठवण केली, स्टेशनच्या दुकानातून घेऊन जाऊ असे ठरविले आणि गाडीतच गोलावर बोट ठेवून दिले. काम यादीतून गेले, ते डोक्यातूनही गेले. घरी रिकाम्या हाताने पोहोचलो. पत्नी काही बोलली नाही, फक्त फोनकडे बोट दाखविले. रात्री साडेनऊला चप्पल घालून पुन्हा बाहेर पडलो. तेव्हापासून वस्तू हातात किंवा पोचपावती खिशात असल्याशिवाय गोलाला बोट लावीत नाही.

त्या मुलीचे यंदा शेवटचे वर्ष. नूतनीकरणाचा अर्ज सुरू होताच तिचे काम मी यादीत सर्वांत वर घातले होते, शेवटच्या तारखेच्या वीस दिवस आधीची आठवण लावून. तो दिवस उजाडायच्या आतच तिचा फोन आला. "जयभीम दादा. अर्ज मी स्वतःच भरला, दाखला पण स्कॅन केला. पावती पाठवलीय, बघा. तुमच्या यादीतून माझं काम काढून टाका."

मी काढलेले नाही. महाविद्यालयाची पडताळणी अजून व्हायची आहे, म्हणून ते 'प्रतीक्षाधीन'मध्ये हलविले आहे.