आलेपाक, लाह्या आणि ‘होतंच असं’

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेखाचा तगादा लावला तेव्हा लसीकरण, बालदमा किंवा मुलांचे मोबाइलवेड यांपैकी काहीतरी माझ्याकडून येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील मळमळ आणि तिच्यावरचे घरगुती उपाय, असा विषय मी सांगितला तेव्हा स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेले आमचे संपादक हसून म्हणाले, “म्हणजे यंदा तुम्ही आमच्या अंगणात उतरणार!” अंगण त्यांचे आहे हे मान्य. पण दुसऱ्या खेपेची गर्भवती पहिल्या मुलाला कडेवर घेऊन अनेकदा आधी आमच्याच दारात येते, आणि तिच्या पोटात असतो तो आमचा उद्याचा रुग्ण. तेवढ्या हक्काने हे लिहितो आहे.

अशीच एक आई दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात इंदूरच्या माझ्या दवाखान्यात आली. मुलाला साधा सर्दी-ताप होता. त्याला तपासून मी औषध लिहायला घेतले आणि लक्षात आले, की उठताना बाई टेबलाची कड घट्ट धरत आहेत. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. विचारल्यावर कळले, अकरावा आठवडा चालू आहे, पाच आठवड्यांत वजन सहा किलोंनी उतरले आहे आणि आदल्या रात्रीपासून लघवी जेमतेम एकदा झाली आहे. “कुणाला सांगितले नाहीत?” सांगितले होते. सासरी सांगितले, माहेरी सांगितले, जिथे नाव नोंदवले होते तिथेही सांगितले. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळाले : “होतंच असं. चौथा लागला की थांबेल.” मग शेजारणीने सुचवलेले एक चूर्ण त्यांनी सुरू केले. पर्समधून त्यांनी डबी काढून दाखवली. ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ हा मजकूर ठळक होता. घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता यांचा मागमूस नव्हता.

त्यांना त्याच दुपारी दाखल करावे लागले. पुढे सारे सुरळीत झाले, मूल पूर्ण दिवसांचे झाले, लसींसाठी ते माझ्याकडेच येते. चूर्णातून रक्तात शिसे तर गेले नाही ना, याचीही तपासणी करून घेतली, ती सुदैवाने ठीक निघाली. पण ती डबी मी त्यांना परत केली नाही. अजून माझ्या खणात आहे.

‘होतंच असं’ हे वाक्य खोटे असते तर प्रश्न सोपा होता. दर दहा गर्भवतींपैकी सात-आठ जणींना मळमळ होतेच. सहाव्या आठवड्याच्या आगेमागे ती सुरू होते, नवव्याच्या सुमारास तिला भर येतो आणि बहुतेकींची सोळाव्यापर्यंत ओसरते. इंग्रजी नावात ‘सकाळ’ असली तरी प्रत्यक्षात ती तिन्ही त्रिकाळ छळते. साधारण मळमळीने गर्भाला अपाय होत नाही. उलट जिला मळमळ होते तिच्यात गर्भपाताचे प्रमाण कमीच आढळते. हे सगळे आपण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि ते बरोबरही आहे. मात्र बरोबर असलेले वाक्य समोरच्या बाईचे बोलणे थांबवण्यासाठीही उच्चारता येते. मी ते तसे उच्चारले आहे, तेही स्वतःच्या घरात.

साल १९९९. एमडी होऊन फार दिवस झाले नव्हते. पत्नी दिवसातून सात-आठ वेळा ओकत होती आणि मी तिला नवव्या आठवड्याचा आलेख समजावून देत होतो. आज आठवले की कान गरम होतात. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत मार्लेना फेझो नावाच्या तरुण शास्त्रज्ञ स्त्रीने अशाच, पण फार तीव्र ओकाऱ्यांत आपला गर्भ गमावला. तिची तक्रारही गांभीर्याने घेतली गेली नव्हती. पुढची वीसहून अधिक वर्षे तिने या एका प्रश्नाला वाहिली. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजचे स्टीफन ओ’रॅहिली आणि तिने मिळून ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केले, ते आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावे असे आहे. जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक गर्भ आणि वार यांतून आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वांतिकेंद्राला चेतवते. गर्भधारणेपूर्वी जिच्या रक्तात हे संप्रेरक कमी असते तिला ते अचानक वाढल्यावर अधिक बाधते. ज्यांच्या शरीरात ते आधीपासूनच भरपूर असते त्यांना फारसा त्रास होत नाही. याचा एक पुरावा आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीच्या आजारातून मिळाला, याचे मला विशेष वाटले. बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांत हे संप्रेरक कायम वाढलेले असते, आणि त्यांना गरोदरपणी मळमळ अगदी क्वचित होते. तेव्हा ‘मनाचे खेळ’, ‘लाडावलेली आहे’, ‘आमच्या वेळी नव्हते असले काही’ या शेऱ्यांना आता तरी रजा द्यावी.

१९९९ कडे पुन्हा येतो, कारण घरगुती उपायांबद्दलचे माझे मत तिथे घडले. माझे आलेख चालू असताना आई देवासहून आली. तिने बरणीभर आलेपाक आणला होता. पण आल्या आल्या तिने पहिली गोष्ट केली ती ही, की सकाळची फोडणी बंद केली. इंदूरच्या घरात सकाळी पोहे नाहीत, म्हणजे काय ते इंदूरकरच जाणोत! मोहरी-हिंगाचा वास उठला की पत्नी न्हाणीघराकडे धावे. दीड महिन्यात ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आईने स्वयंपाकघर आपल्या हाती घेतले. उशाशी साळीच्या लाह्यांचा डबा ठेवला आणि अंथरुणातून उठण्यापूर्वीच चार लाह्या तोंडात टाकायला लावल्या. गार दहीभात, गार केलेले आमसुलाचे सार, दर दोन तासांनी दोन घास. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात घोट घोट. तीन आठवड्यांत उलट्या दिवसाला एक-दोनवर आल्या. घरात श्रेय आलेपाकाला मिळाले. मला आज वाटते, त्यातला मोठा वाटा बंद झालेल्या फोडणीचा आणि चुलीपुढे दुसरे कोणीतरी उभे राहिले, याचा होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्या महिन्यात गर्भिणीला साधे, गार दूध बेताने आणि वेळोवेळी द्यायला सांगितले आहे. त्याच अध्यायात तिची तुलना तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राशी केली आहे. पात्र न हिंदकळेल असे जपायचे ते भोवतीच्या माणसांनी. आजच्या ‘नैसर्गिक’ बाजारात त्यातले औषध तेवढे उरले आहे. माणसे डबीत भरता येत नाहीत.

म्हणून आलेपाक निरुपयोगी, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. घरगुती उपायांत ज्याची खरी परीक्षा झाली आहे, ते आलेच. २००१ साली थायलंडमध्ये सत्तर गर्भवतींवर झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांना सुंठीच्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल चार दिवस दिल्या गेल्या. सुंठ घेणाऱ्यांची मळमळ अधिक कमी झाली. मात्रा होती दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम चार वेळा. घरच्या भाषेत दिवसभरात मिळून चहाचा सपाट अर्धा चमचा सुंठपूड. एवढेच! नैसर्गिक आहे म्हणून मूठभर खावी, हे यात कुठेही येत नाही. जास्त घेतल्यास छातीत जळजळते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आल्याचा गुण मळमळीवर अधिक दिसतो, ओकारीवर त्या मानाने कमी. लाह्या, आवळासुपारी, कोकम, भाजलेली बडीशेप यांच्या मागे असा काटेकोर पुरावा नाही, पण स्वयंपाकातल्या प्रमाणात त्यांपासून अपायही नाही. जिला जे रुचते, ते तिने खुशाल घ्यावे. मनगटावरचा बिंदू दाबण्याच्या उपायाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. बरे वाटत असेल तर तोही करावा. एक उपाय मात्र आपल्याच हातात असतो आणि आपण तो विसरतो : लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्ल पुरते. लोह दुसऱ्या तिमाहीत सुरू करण्याची पद्धत सरकारी कार्यक्रमातही आहे. सकाळी उपाशीपोटी लोहाची गोळी घेऊन ओकणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

माझा राग आहे तो ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या समीकरणावर. धोतराही नैसर्गिक आहे, आणि शिसे तर भूगर्भातूनच निघते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. सहाही जणींनी भारतात बनलेली आयुर्वेदिक म्हणवली जाणारी औषधे घेतली होती. शिसे वारेतून थेट बाळापर्यंत पोचते आणि घडत्या मेंदूवर घाला घालते. हे नुकसान आईला जाणवत नाही. काही वर्षांनी मूल वर्गात मागे पडू लागते आणि ते आमच्यासमोर येते, तेव्हा कारण शोधायला फार उशीर झालेला असतो. भाजलेली माती चघळण्याची सवय याच सदरात मोडते. याचा अर्थ शास्त्रशुद्ध वैद्यकी करणाऱ्या वैद्यांना मी दोष देतो आहे असे नाही. काय दिले आणि किती दिले, हे ते लिहून देतात. आक्षेप आहे तो नाव-गाव नसलेल्या डबीवर.

आता दुसरी बाजू. अनेक सासवा ‘पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरी गोळी नको’ म्हणतात, आणि आपण त्यांना अडाणी ठरवतो. ती भीती आली कुठून, हे आठवावे. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले आणि अनेक देशांत ते गर्भवतींच्या मळमळीवरही दिले गेले. हातपाय न फुटलेली हजारो मुले जन्मली. जर्मनीत त्याविरुद्ध आवाज उठवणारे विडुकिंड लेंट्झ हे हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये औषध मागे घेतले गेले. त्या घटनेची छाया पुढे निर्दोष औषधावरही पडली. डॉक्सिलामिन आणि बी-६ यांचे मिश्रण अमेरिकेत १९५६ पासून विकले जात होते. व्यंगाच्या आरोपांवरून खटल्यांची रांग लागली आणि उत्पादकाने १९८३ मध्ये ते काढून घेतले. अभ्यासांत आरोप टिकले नाहीत. दरम्यान तिथे तीव्र ओकाऱ्यांसाठी इस्पितळात भरती होणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. शेवटी २०१३ मध्ये त्याच मिश्रणाला पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे ते सहज मिळते. नुसते बी-६ जीवनसत्त्व, १० ते २५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, हाही चांगला पहिला उपाय आहे. आल्याने भागले नाही, तर या गोळ्या डॉक्टरांनी द्याव्यात आणि त्या घ्याव्यात. गोळीला घाबरून उपाशी राहणारी आई बाळाला अधिक धोक्यात घालते.

पाणीही टिकत नसेल, वजन गर्भधारणेपूर्वीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक उतरले असेल, लघवी थोडी आणि गडद होत असेल, ताप वा पोटदुखी असेल, किंवा नवव्या आठवड्यानंतर मळमळ प्रथमच सुरू झाली असेल, तर लाह्या आणि आले बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. आणि हे माझ्या तरुण निवासी मित्रांसाठी : अशा स्त्रीला ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी थायमिन द्या. अनेक आठवडे ओकणाऱ्या बाईच्या शरीरात ते संपत आलेले असते. त्यावर नुसती साखर दिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, ही अशक्तपणाची लक्षणे म्हणून सोडून देऊ नका. माझ्या दवाखान्यात टेबलाची कड धरणाऱ्या त्या बाईंबाबत मला हीच धास्ती वाटली होती.

त्या दिवसानंतर मी माझ्या केसपेपरवर एक ओळ छापून घेतली. मुलाची आई पुन्हा गरोदर असेल तर तिला विचारायचे, ‘मळमळीसाठी घरी काय घेता?’ अट एकच, उत्तर ऐकून कपाळाला आठी पडू द्यायची नाही. आठी दिसली की पुढच्या वेळी डबी पर्समध्येच राहते. सुंठ-गूळ, लिंबू-सैंधव, खाण्याचा सोडा, भाजकी माती, गावाहून आलेली अंगाऱ्याची पुडी, एकीचे तर चक्क नवऱ्याचे ॲसिडिटीचे औषध, असे बरेच काही त्या ओळीत नोंदले गेले आहे. सोडा आणि माती मी थांबवतो, अंगारा कपाळाला लावायला सांगतो, सुंठीचे माप समजावतो. परवा एकीने उत्तर दिले, “काही घेत नाही, डॉक्टर. सासूबाई सकाळचे पोहे आता गच्चीवर शेगडी लावून करतात.” तेही मी तसेच्या तसे लिहून घेतले.