आडनाव आणि अकरा जण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं एक हॉटेल आहे. तिथे गेल्या महिन्यात भारतीय क्रिकेट संघाची निवड झाली. निवड समितीत एक पंक्चरवाला, दोन रिकामे पदवीधर, एक निवृत्त तलाठी आणि आम्ही. आमच्यापैकी कुणीही तालुक्याच्या पुढे खेळलेलं नाही, पण क्रिकेट आणि राजकारण या दोन विषयांत तज्ज्ञ व्हायला उदगिरात कुठलीच परीक्षा द्यावी लागत नाही. दोन कट चहा पुरतात.

विषय होता सरफराज खानचा. ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिका 'अ' विरुद्ध भारत 'अ' संघ जाहीर झाला आणि त्यात मुंबईच्या या पोराचं नाव नव्हतं. काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी जाहीर विचारलं, आडनावामुळे तर वगळलं नाही ना? भाजपचे शहजाद पूनावाला लगेच धावून आले. संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर सहा-सहा चौकटींत माणसं भांडत होती. त्यातल्या किती जणांनी सरफराजची एक तरी खेळी पूर्ण पाहिली असेल, अल्लाह जाणे. हॉटेलातला पंक्चरवाला मात्र सगळ्या पाहून होता.

आम्हीही पाहिल्यात. म्हणून आमचं मत आधी मांडतो, मग तुम्ही हवं तर पोस्टकार्ड टाका.

सरफराजवर अन्याय झाला, यात शंका नाही. रणजीच्या २०१९-२० च्या हंगामात त्याने ९२८ धावा केल्या आणि २०२१-२२ मध्ये ९८२. वानखेडेवर उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद ३०१. एवढं करूनही दार उघडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. राजकोटला अनिल कुंबळेंच्या हातून टोपी मिळाली, तेव्हा वडील नौशाद खान मैदानाच्या कडेला रडत होते. पहिल्या डावात ६२, दुसऱ्यात नाबाद ६८. त्याच वर्षी बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात शून्य, आणि दुसऱ्यात १५०. सहा कसोटी, ३७१ धावा. मग त्याचं पोट दिसू लागलं. म्हणजे आधीही दिसत होतं, पण तज्ज्ञांना तेव्हा दिसलं. पोराने दोन महिन्यांत सतरा किलो वजन उतरवलं, तरी 'अ' संघातही जागा नाही. सडपातळच पोरं हवी असतील तर फॅशन शोमध्ये शोधा, असं सुनील गावस्कर २०२३ मध्येच म्हणाले होते. समालोचकांत सरळ बोलणारी माणसं थोडी, त्यांतले ते एक.

पण अन्याय झाला म्हणजे तो आडनावामुळेच झाला, हे कसं ठरवलं? शमाबाईंकडे पुरावा नव्हता. त्यांनी प्रश्न टाकला आणि त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर मोहम्मद सिराजने शेवटच्या दिवशी इंग्लंडच्या तोंडचा घास काढला. भारत सहा धावांनी जिंकला. पाचही कसोटी खेळून या रिक्षावाल्याच्या पोराने मालिकेत २३ बळी घेतले. निवड समिती आडनावच बघत असती, तर तो तिथे कसा पोहोचला? पूनावालांच्या बाजूचे लोक हेच विचारतात, आणि एवढ्यापुरतं ते बरोबर आहेत. त्यांचं राजकारण आम्हाला पटत नाही, म्हणून हे खोटं ठरत नाही.

हॉटेलात आम्ही दुसरं एक नाव काढलं, अमोल मुजुमदार. ताज्या पिढीला ते महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून माहीत झालेत. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत पोरींनी विश्वचषक उचलला, तेव्हा बाजूला उभे होते तेच. याच माणसाने १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या होत्या. पुढे प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं. भारताकडून किती सामने? एकही नाही. शाळकरी वयात सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हे पॅड बांधून बसून राहिले होते. पुढे आयुष्यभर तेच झालं. मार्च २०२५ मध्ये गेलेले पद्माकर शिवलकर घ्या. प्रथमश्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी शून्य, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. मुजुमदार आणि शिवलकर ही काही अडचणीची आडनावं नव्हेत. भारतीय निवड समितीची अन्याय करण्याची परंपरा फार जुनी आहे आणि त्या बाबतीत ती कुणात भेदभाव करत नाही.

तलाठीसाहेब हसले. पंक्चरवाला हसला नाही. म्हणाला, "सर, मुजुमदारला काढलं तेव्हा त्याला कुणी पाकिस्तानला जा म्हणालं होतं का?"

आमचा चहा तिथेच गार झाला.

कारण त्याचं म्हणणं खरं आहे. २४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून! म्हणजे एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नाही. शमीने ३.५ षटकांत ४३ दिल्या, महागडा ठरला, कबूल. पण विकला गेला, गद्दार आहे, हे त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं. बाकीचे फक्त वाईट खेळले होते. विराट कोहलीने आठवड्याभरात पत्रकारांसमोर सांगितलं की धर्मावरून कुणावर तुटून पडणं याहून हीन काही नाही, आणि आम्ही शमीच्या मागे दोनशे टक्के उभे आहोत. कोहलीच्या मैदानावरच्या वागण्याबद्दल आमच्या तक्रारी आहेत, पण त्या दिवसासाठी सगळ्या माफ.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वसीम जाफर. हा माणूस म्हणजे घरंदाज फलंदाजी. रणजीत बारा हजार धावा ओलांडणारा पहिला, मुंबई आणि विदर्भ दोघांकडून करंडक जिंकलेला. निवृत्तीनंतर उत्तराखंडचा प्रशिक्षक झाला. निवडीत ढवळाढवळ होते म्हणून राजीनामा दिला, तर बातम्या आल्या की याने संघात धर्म आणला, शिबिरात मौलवी बोलावले, मुसलमान कर्णधार पुढे केला. बिचाऱ्याला पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं की आपण कर्णधार म्हणून जय बिस्टाचं नाव सुचवलं होतं आणि मौलवी आपण बोलावले नव्हते. कुंबळे उघडपणे त्याच्या बाजूने बोलले. ज्यांच्यासोबत तो वर्षानुवर्षं ड्रेसिंग रूममध्ये बसला, त्यांच्यातले कितीतरी मोठे लोक गप्प बसले. रोज रात्री दोन-दोन तास बोलण्याचे पैसे घेणारी माणसं कुठल्या दिवशी गप्प बसतात, हे पाहून ठेवावं. समालोचक ओळखायचा तो तिथे.

म्हणून आमचं मत असं दुहेरी आहे. सरफराजचा प्रश्न आडनावाचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण आडनावाचा प्रश्न कुणाला सुचलाच कसा, असं आश्चर्य करणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. सप्टेंबरात आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना होता. पहलगामच्या हत्याकांडाला पाच महिने झालेले. सूर्यकुमारने हस्तांदोलन केलं नाही, पुढे अंतिम सामना जिंकूनही पाकिस्तानी मंत्र्याच्या हातून चषक घेतला नाही. आमचं म्हणणं साधं होतं, राग असेल तर खेळू नका. खेळून पैसा घ्यायचा आणि हात मात्र द्यायचा नाही, हे आम्हाला कळलं नाही. एवढंच आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणालो. एक सहकारी हसत म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे, पण हे तुम्ही बोलू नका." त्यांनी ते आमच्या भल्यासाठीच सांगितलं. हेच मत त्यांनी स्वतः सकाळी मांडलं होतं.

आता थोडं आपल्या घरातलं.

मार्चमध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना, रमजानचे दिवस. शमी सीमारेषेवर पाणी का सरबत प्यायला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. मुसाफिराला रोजा मागाहून पुरा करण्याची सवलत कुरआनातच आहे, हे आमच्या पाचवीतल्या मुलाला ठाऊक आहे. शमी घरापासून हजार कोस लांब, दुबईच्या उन्हात गोलंदाजी करत होता. ज्याने चार वर्षांपूर्वी एका बाजूच्या शिव्या खाल्ल्या, त्याला आता आपल्याच बाजूचे तज्ज्ञ भेटले. त्या दिवशी आपल्या घराघरांत काय चर्चा झाली, ती आठवून पाहा. आमच्या घरी अम्मी म्हणाल्या, "उसका रोजा उसके और अल्लाह के बीच में है, तुमना क्या?" विषय संपला. त्या बरेलीत नसतात हे दुर्दैव.

आणि अझहर! मराठवाडा जुना निजामाचा मुलूख, त्यामुळे हैदराबादचा अझहर आमच्या वडिलांच्या पिढीला भाच्यासारखा. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं, मनगटाची ती नजाकत. डिसेंबर २००० मध्ये सामनेनिश्चितीवरून त्याच्यावर आजन्म बंदी आली, तेव्हा आम्ही विशीत होतो. आपल्या मोहल्ल्यात एकच सूर, मुसलमान म्हणून अडकवला. त्याच दिवशी अजय शर्मावरही तशीच बंदी आली होती, ते कुणाला ऐकायचं नव्हतं. आम्हालाही नव्हतं. पुढे २०१२ मध्ये न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली, त्याआधीच तो खासदार झाला होता, आणि २०२५ मध्ये तेलंगणात मंत्री झाला. तो दोषी होता की नव्हता यावर आम्ही आज पैज लावणार नाही. पण पुरावा वाचण्याआधी आडनाव वाचण्याची खोड आम्हालाही होती, हे कबूल केल्याशिवाय दुसऱ्याकडे बोट दाखवणं बरं दिसत नाही.

पैजेवरून आठवलं. या सगळ्या तज्ज्ञांबद्दल आमची सर्वांत मोठी तक्रार राजकारणाची नाहीच. वर्षानुवर्षं हे माजी खेळाडू षटकांच्या मधे येऊन पोरांना सांगत होते, टीम बनवा, करोडपती व्हा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे एका हंगामात घालवले. आम्हाला सांगत होता, "सर, हा जुगार नाही, यात अभ्यास लागतो, टीव्हीवर सांगतात." शाळेत दहावीला अभ्यास म्हटलं की पळणारं पोर! ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलं काम झालं. या सरकारचं प्रत्येक चांगलं काम आम्ही दाबून ठेवतो असं कुणी म्हणू नये. खेळाडूंपैकी कुणी माफी मागितल्याचं आमच्या कानावर नाही.

आमच्या मुलीने मात्र ३० ऑक्टोबरला सगळ्या तज्ज्ञांना धुऊन काढलं. महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ धावांचं लक्ष्य. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. सामना संपल्यावर रडत रडत तिने येशूचे आभार मानले आणि इकडे मोबाईलवर काही लोकांची बोटं शिवशिवली. वर्षभरापूर्वी खार जिमखान्याने तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं होतं. वडील तिथे धार्मिक कार्यक्रम घेतात असा आक्षेप होता, वडिलांनी तो फेटाळला होता. मुलगी आठवीत आहे. तिने विचारलं, "अब्बा, शिखर धवन मांडीवर थाप मारायचा, कुणी आभाळाकडे बघतं, कुणी जमिनीला हात लावतं. हिने देवाचं नाव घेतलं तर काय झालं?" आम्ही बीएड आहोत, तरी उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "जाऊ द्या, जिंकली ना."

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. आमच्या वर्गात नववीत एक मुलगा आहे. डावखुरा, उंच, चेंडू आत आणतो. श्रीरामपूरच्या झहीर खानची फीत आम्ही त्याला मोबाईलवर दाखवतो आणि तो ती मधल्या सुट्टीत पाठ करतो. लातूरला निवड चाचणी आहे. त्याचे अब्बा फळांचा गाडा लावतात. त्यांना भेटायला आम्ही गेलो, तेव्हा पपई कापत म्हणाले, "सर, टीव्ही पे देखे ना? सरफराज कू नहीं लेते, मेरे बच्चे कू कौन लेता?"

शमाबाईंचा प्रश्न दिल्लीहून निघून उदगीरच्या गाड्यावर असा पोहोचला होता. आम्ही मुजुमदार सांगितला, शिवलकर सांगितला, सिराजच्या अब्बांची रिक्षा सांगितली. सिराजच्या नावाला त्यांनी मान वर केली. म्हणाले, "वो तो है." मग गिऱ्हाईक आलं.

पंक्चरवाल्याचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर आमच्याकडे त्याचं उत्तर आजही नाही. आम्ही एवढंच म्हणालो की भाई, चाचणीला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं आमच्याकडे लागलं, पोरगं आमच्यासोबत येईल, मगरिबच्या आत घरी. त्यांनी एक पपई पिशवीत घालून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

फॉर्मवर पालकांची सही अजून व्हायची आहे. तो आमच्या टेबलाच्या खणात आहे. मुलगा रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारतो, आणि आम्ही म्हणतो, शुक्रवारी जुम्म्यानंतर पुन्हा जातो.