लगद्याच्या वाटीला इपॉक्सीचं कवच
कागदाच्या लगद्याची वाटी रंगवून झाली की ओलाव्यापासून वाचवायला इपॉक्सीचा लेप उत्तम. आधी वाटी आतपर्यंत वाळू द्या, मग फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन तोही सुकवा. नाहीतर लगद्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मोजा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलात, तर लेप चिकटच राहतो. 3 मिनिटं सावकाश ढवळा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घालाच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही, म्हणून मुलांनी फक्त रंगवावं. लेप 24 तासांत कडक वाटला, तरी पक्का व्हायला बरेचदा आठवडा जातो. वाटीत किल्ल्या ठेवा, नाणी ठेवा. गरमागरम भजी मात्र नकोत!