फलक लावला, पूल सोडला

पुण्याजवळच्या कुंडमळ्याच्या पुलापाशी ‘धोकादायक’ असा फलक होता, हे दुर्घटनेनंतर सगळ्यांनी लगोलग सांगून टाकले. प्रशासनाने सांगितले, पुढाऱ्यांनी सांगितले, वाहिन्यांनी तो फलक पुन:पुन्हा दाखवला. रविवारी, १५ जून २०२५ ला दुपारी इंद्रायणीवरचा हा लोखंडी पूल माणसांसकट नदीत गेला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. ‘लोक सूचना पाळत नाहीत’ या सरकारी वाक्याला मात्र साधे खरचटलेलेही नाही.

तेव्हा आधी या वाक्याचाच समाचार घ्यायला हवा. ज्या पुलावर माणूस सहज चढू शकतो, दुचाकी ढकलत नेऊ शकतो, तो पूल बंद नसतो. बंद करायचा तर त्याचा चालायचा पृष्ठभाग उखडावा लागतो, दोन्ही तोंडांना भिंत घालावी लागते, नाहीतर सांगाडा कापून न्यावा लागतो. यातले काहीही झाले नव्हते. झाला होता तो फक्त फलक. आणि फलकाचा उपयोग पूल पडण्याआधी जेवढा होत नाही, तेवढा पडल्यानंतर होतो, हे फलक लावणाऱ्यांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

मग ओळीने पुढचे प्रयोग सुरू झाले. मृतांच्या नातेवाइकांना पाच लाखांची मदत, राज्यभरच्या पुलांच्या तपासणीचे आदेश, धोकादायक पूल पाडून टाकण्याची भाषा. मधल्या मध्ये एक करमणूकही झाली. नव्या पुलासाठी आदल्या वर्षी मंजूर झालेली रक्कम ८० हजार रुपये होती की ८ कोटी, यावर सत्ताधारी आणि विरोधक भिडले. मग खुलासा आला की पत्रातला आकडा हजारांत होता. चला, शून्यांचा हिशेब लागला. पण ८ कोटी मंजूर होते हे धरले, तर गुन्हा आणखी मोठा होतो. जुना पूल निकामी आहे हे शासनाला कागदोपत्री कळले होते, म्हणूनच तर नव्यासाठी पैसे दिले. मग कार्यादेश निघेपर्यंतचे महिने जुना पूल कोणाच्या भरवशावर उघडा राहिला? नव्या पुलाची निविदा निघते, त्याच दिवशी जुना पूल कुलूपबंद करायला किती खर्च आला असता? आठ कोटी तर नक्कीच नाही.

या पुलाचे काय झाले होते, ते नीट पाहायला हवे. तीसेक वर्षांपूर्वी गावकऱ्यांच्या येण्या-जाण्यासाठी बांधलेली ही अरुंद लोखंडी वाट. पलीकडच्या शेतावर जाणारा शेतकरी, शाळेची पोरे, एखादी सायकल, एवढाच तिचा संसार. पुढे कुंडमळ्याच्या खडकातल्या रांजणखळग्यांची आणि त्यातून घुसळत जाणाऱ्या पाण्याची कीर्ती पसरली आणि ही वाट पावसाळ्यात सज्जा झाली. सरकारने तिला सज्जा केले नाही, लोकांनी केले. फरक किती, तर येणारा-जाणारा माणूस पुलावर भार टाकतो आणि पुढे सरकतो. पाणी पाहायला आलेला थांबतो. त्याच्यामागचाही थांबतो. सगळे पाण्याच्या बाजूच्या कठड्याकडे झुकतात, समोरून कोणी दुचाकी घालतो, कोणालाच हलता येत नाही. पुलाचा सगळा भार एका अंगावर येतो. तुषारांनी आणि चिखलाने वर्षानुवर्षे गंज चढलेले जोड तेव्हाच दगा देतात.

हे कळायला परदेशी सल्लागार नेमावा लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत नुसत्या पादचाऱ्यांसाठीच्या पुलावर दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरायला सांगितले आहे. जिथे यात्रा-जत्रांची गर्दी होते, तिथे तो ५०० किलो धरावा, असेही त्यातच लिहिले आहे. म्हणजे गर्दी ही दैवी आपत्ती नाही, ती गणितात धरायची गोष्ट आहे. तुकोबांच्या देहू आणि भंडारा डोंगराच्या शेजारच्या नदीकाठी गर्दी होईल, हे गणित न समजणारा अभियंता असेल तर त्याने खाते बदलून घ्यावे.

आणि तपासणीच्या आदेशांचे कौतुक आम्हाला सांगू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बस घेऊन वाहून गेला, तेव्हाही राज्यभर तपासणी झाली. मुंबईत सीएसएमटीलगतचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पादचाऱ्यांवर कोसळला आणि सात जण गेले. त्या पुलाची तपासणी आधीच झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरे, असा शेरा होता. गुजरातमधल्या मोरबीत ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्त करून नुकताच उघडलेला झुलता पूल १३५ जणांना घेऊन गेला. तिथे तर तिकीट काढून माणसे आत सोडली जात होती. किती सोडायची, हे मोजणारा कोणी नव्हता. तिन्ही पुलांची जात वेगळी, वय वेगळे, रोग मात्र एकच. कोणाचा पूल, तो कशासाठी वापरला जातोय आणि किती माणसांसाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा एक माणूस कुठेच नव्हता.

आता दुर्घटनेनंतर उसळलेल्या ‘सगळे जुने पूल पाडा’ या आवेशाबद्दल. जुना पूल पाडणे हा कधी कधी शहाणपणा असतो. पण आपल्याकडे पाडणे आणि सोडून देणे या दोनच क्रिया ठाऊक आहेत, तिसरी नाही. बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीची संधी साधून स्फोटकांनी उडवला. वाहतुकीला तो अडथळा होता, हे मान्य. त्याच घाटात रेल्वेचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाल्यावर वापरातून गेले. त्यालाही आता शंभर वर्षे होत आली. भाईंदर-नायगावदरम्यान वसई खाडीवरचा जुना रेल्वे पूल गाड्यांसाठी बंद झाला, तेव्हा पाणजू बेटावरच्या लोकांनी त्याची पायवाट केली. रेल्वेच्या लेखी तो भंगार होता, बेटाच्या लेखी रस्ता. दोघांच्या मध्ये बसून निकाल लावणारे कोणी नव्हते.

खरे तर रेल्वेचा पूल ही पायवाटेसाठी उत्तम सामग्री. इंजिन आणि मालडबे पेलायला बांधलेल्या पोलादाला माणसांचे ओझे ते काय! न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी येथे हडसन नदीवरचा १८८९ चा रेल्वे पूल १९७४ मध्ये आगीत होरपळला आणि बंद पडला. रेल्वे कंपनीला तो इतका नकोसा झाला की तिने पुढे तो एका डॉलरला विकून टाकला. वाऱ्यावर सोडलेल्या त्या पुलासाठी गावातले लोक एकत्र आले, संस्था काढली, पैसे उभे केले, तपासणी करून घेतली, काँक्रीटचा नवा पृष्ठभाग आणि कठडे बसवले. ऑक्टोबर २००९ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी उघडला. आज तो राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे. दोन किलोमीटर लांब, नदीपासून दोनशे फुटांवर, आणि त्यावर माणसे गर्दीने चालतात. तिथले लोक आपल्यापेक्षा आज्ञाधारक आहेत असे समजण्याचे कारण नाही. तिथे पुलाला मालक आहे, एवढेच.

आपल्या पुणे-पिंपरी पट्ट्यात मालकांची उणीव नाही, उलट रेलचेल आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, महापालिका, छावणी मंडळ, रेल्वे, एमआयडीसी. नदीच्या एकेका वळणावर इतक्या हद्दी की पूल पडला की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याच्या हद्दीत. दापोडीचा हॅरिस पूल १८९५ चा, तरी तो वाहता आहे, त्याच्या जोडीला नवे पूलही झाले. कारण त्यावरून मंत्र्यांचे ताफे जातात. कुंडमळ्याच्या पुलावरून ताफे जात नव्हते.

तिथे कोण जात होते, हेही बोलायला हवे. पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण. या पट्ट्यात गाड्या बनतात, सुटे भाग बनतात आणि ते बनवणारी लाखो तरुण मुले दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. महाळुंगे-चाकणच्या रस्त्यावर त्यांना चालायला फूटभर पदपथ मिळत नाही. अवजड ट्रेलर आणि गटार यांच्या मधल्या पट्टीत त्यांचे चालणे. आठवड्यातून एक सुटी. मॉलमध्ये जायला खिसा परवानगी देत नाही. मग लोकल पकडायची, बेगडेवाडीला उतरायचे आणि फुकटात मिळणारे पाणी पाहायचे. हौशी, उतावीळ, सेल्फीवेडे असे ज्यांना म्हटले जाते, त्यांत हे आहेत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हाही उत्तर तेच होते: मनाई आदेश. दरवर्षी पाऊस येतो, गर्दी येते, मनाई आदेश येतो, पण कठडा येत नाही, पायऱ्या येत नाहीत, जीवरक्षक येत नाही. नदीकाठ सुशोभित करण्याचे शेकडो कोटींचे आराखडे मात्र पिंपरी-चिंचवडच्या श्रीमंत महापालिकेत तयार असतात. ज्या इंद्रायणीवर कारखान्यांच्या सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगतो, तिच्याच काठी फिरायचे दिवे आणि बाकडी! दुर्घटनेनंतर तीनच दिवसांनी, १८ जूनला, तुकोबांची पालखी देहूतून निघाली आणि लाखभर पावले पूल-रस्त्यांवरून गेली. त्यातला कोणता पूल कधी तपासला, याची यादी त्या घटकेला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असायला हवी होती.

कुंडमळ्यात आठ कोटींचा नवा पूल मंजूर झाला. बांधण्याआधी त्याचा नकाशा गावाला दाखवावा. पाणी पाहायला थांबणाऱ्यांसाठी येण्या-जाण्याच्या वाटेपासून वेगळी, भक्कम जागा त्यात असावी, कारण लोक थांबणारच. एका वेळी किती माणसे, हा आकडा दोन्ही तोंडांना लिहावा आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो मोजायला पगारी माणूस उभा करावा. दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी लोखंडी खांब गाडावेत. देखभालीच्या खात्याचे नाव आणि जबाबदार अभियंत्याचे पदनाम उद्घाटनाच्या कोनशिलेवरच कोरावे, मान्यवरांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत.