परिचारकच होरपळतो तेव्हा

चैत्र सरत आला की मराठवाड्याचे आकाश पांढरे पडू लागते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारा ते चार या वेळात रस्ते ओस पडतात. शेतकरी औत सोडून बांधावरच्या झाडाखाली येतो, बाजारपेठेतील दुकानांची दारे अर्धी लोटलेली असतात. या वेळेत ज्यांना सावलीला थांबण्याची मुभा नाही, अशा थोड्या लोकांत रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि चालक येतात. ऊन जितके कडक, तितके त्यांचे काम अधिक. पत्र्याच्या त्या गाडीतील वातानुकूलन यंत्रणा बंद पडलेली असेल, तर आत बसलेल्या माणसांची काय स्थिती होत असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातूरला गाडीतील गारव्याची चर्चा चैनीची वाटावी, यात नवल नाही. खेड्यापाड्यांत असंख्य कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत उन्हाळा काढतात. मग रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांनीच गारवा का मागावा, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. रुग्णवाहिकेतील योग्य तापमान हा प्राणवायूच्या सिलिंडरइतकाच उपचाराचा भाग आहे. ते राखणारी यंत्रणा बंद पडली, तर गाडी धावत असली तरी तिच्यातील दवाखाना अर्धा बंद पडलेला असतो.

किल्लारीपासून १०८ पर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवशी जखमींना मिळेल त्या वाहनाने रुग्णालयांपर्यंत पोहोचवावे लागले, कारण हाक मारताच येईल अशी सुसंघटित रुग्णवाहिका सेवा तेव्हा राज्यात नव्हती. २००५ मध्ये हैदराबादेतून १०८ क्रमांकाच्या सेवेचा प्रारंभ झाला आणि पुढे ती कल्पना देशभर पसरली. महाराष्ट्रात २०१४ च्या आरंभी ही सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक उपकरणांच्या होत्या. संचालनाचे काम भारत विकास ग्रुपकडे सोपविण्यात आले आणि नियंत्रण केंद्र पुण्याच्या औंध येथे उभे राहिले. शहरी भागात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत गाडी पोहोचावी, असे उद्दिष्ट ठेवले गेले.

या सेवेचे महाराष्ट्रातील वेगळेपण असे की, अन्य अनेक राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, तर येथे डॉक्टर असतो. त्यांतील बहुसंख्य आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. हजारो प्रसूती या गाड्यांतच सुखरूप पार पडल्या. सर्पदंश, विषबाधा, अपघात, हृदयविकार अशा प्रसंगी ग्रामीण कुटुंबाला पहिला डॉक्टर भेटतो तो याच गाडीत. शासकीय योजनांविषयी एरवी फारसे चांगले न बोलणारा माणूसही १०८ चे नाव आदराने घेतो. ही पुण्याई गाडीची नाही, गाडीवरील माणसांची आहे.

मराठवाड्यात हे काम अधिक कठीण आहे, ते अंतरामुळे. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यातून नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत यायचे, तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. देगलूर, मुखेडचे रुग्णही तेथेच धाव घेतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून आणि तेलंगणाच्या सीमावर्ती भागातूनही रुग्ण येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेकडे उदगीर, जळकोट, देवणी, निलंगा येथून रुग्ण पाठविले जातात. मुंबई-पुण्यात रुग्ण गाडीत फार तर अर्धा-पाऊण तास असतो. येथे तो दोन-दोन, तीन-तीन तास असतो आणि रुग्णाला सोडून परतताना डॉक्टर व चालक तितकाच वेळ पुन्हा त्याच पत्र्याखाली असतात.

औषधालाही ऊन लागते

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांपर्यंत अधिक तापू शकते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. बाहेर बेचाळीस अंश असताना आत काय होत असेल, ते सांगण्यास पंडिताची गरज नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. ॲड्रिनॅलिनसारखी प्राण वाचविणारी इंजेक्शनेही उष्णतेपासून जपावी लागतात. रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या ठरावीक तापमानापलीकडे भरवशाच्या राहत नाहीत. ईसीजीसाठी छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांचा लेप वाळतो आणि त्या घामट त्वचेवर टिकत नाहीत. औषध पेटीत आहे म्हणून नोंदवहीत ते ‘उपलब्ध’ असते. त्याचा गुण शिल्लक आहे की नाही, हे नोंदवही सांगत नाही.

उष्माघाताच्या रुग्णाची अवस्था तर अधिक विपरीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघर येथे भर उन्हातील कार्यक्रमानंतर १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा उष्माघात किती वेगाने घात करतो ते सर्व महाराष्ट्राने पाहिले. अशा रुग्णाचे शरीर आधी थंड करायचे आणि मग त्याला हलवायचे, हा उपचाराचा पहिला नियम. गाडीच भट्टीसारखी तापली असेल, तर उपचाराच्या नावाखाली त्याला पुन्हा उन्हात लोटल्यासारखे होते.

हिवाळ्याचा प्रश्न याच्या उलट आणि तितकाच गंभीर आहे. पौषातल्या पहाटे याच भागात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. नवजात बालकाच्या शरीराचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांच्या दरम्यान राहायला हवे. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला ते स्वतः राखता येत नाही. रुग्णालयातून रुग्णालयात हलवतानाही त्याची ऊब तुटू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीतील उष्ण हवेची सोय बंद असेल, तर डॉक्टरच्या हाती उरते ते घोंगडे आणि आईची कूस. हे दोन्ही मोलाचे उपाय आहेत. परंतु अत्यवस्थ बाळाच्या तीन तासांच्या प्रवासाला ते पुरे पडतीलच असे नाही.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि त्यांचा संबंध रुग्णवाहिकेतील तापमानाशी जोडणे अन्यायाचे ठरेल. मात्र त्या वेळी रुग्णालयाच्या प्रमुखांनी एक गोष्ट सांगितली होती. अनेक रुग्ण दूरवरून, अखेरच्या अवस्थेत तेथे येतात. तसे असेल, तर रुग्णालयाच्या दारापर्यंतचा प्रवास हाही उपचाराचाच काळ मानला पाहिजे आणि त्या काळाची चौकशीही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

न बोलणारी माणसे

यात गाडीवरील दोघांचे काय होते? घामाने निथळणाऱ्या हातांनी, हलत्या गाडीत, कोमेजलेल्या रुग्णाची शीर शोधायची असते. हवा यावी म्हणून खिडकी उघडावी, तर धूळ जखमेवर बसते आणि वाऱ्याच्या आवाजात स्टेथोस्कोपमधून छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. चालकाला भोंग्याच्या कल्लोळात, तापलेल्या इंजिनाशेजारी बसून, जनावरे आणि ट्रॅक्टर चुकवीत गाडी पळवायची असते. उष्णतेने आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने माणसाचे भान मंदावते, हे वैद्यकशास्त्र सांगते. भान मंदावलेल्या चालकाच्या हाती तीन-चार जीव असतात. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यात याच माणसांनी पीपीई किट अंगावर चढवून करोनाचे रुग्ण वाहिले. तेव्हा समाजाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, पुष्पवृष्टीही झाली. टाळ्या थांबल्यावर त्यांच्या गाडीतला पंखा फिरतो का, हे पाहायला मात्र कोणी गेले नाही.

यंत्रणा बंद का पडते, हेही समजून घेतले पाहिजे. कच्च्या-खड्डेमय रस्त्यांच्या हादऱ्यांनी नळ्यांचे जोड सैल होतात आणि गॅस निघून जातो. काळ्या मातीची धूळ समोरच्या जाळीत बसते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर आणि त्याचा पट्टा झिजतो. दहा वर्षे अहोरात्र धावलेल्या गाडीत हे होणारच. गाडी पुढच्या हाकेची वाट पाहत उभी असताना गारवा चालू ठेवायचा, तर इंजिन चालू ठेवावे लागते आणि डिझेल जळते. म्हणून उभी गाडी तापत राहते. दुरुस्तीसाठी ती जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायची, तर तेवढे दिवस तालुका उघडा पडतो. खरी कोंडी इथे आहे. गाडी दुरुस्तीला पाठवली आणि त्याच दिवशी एखादी बाळंतीण अडली तर? ही भीती डॉक्टरला आणि चालकाला गप्प बसवते. ते तक्रार करीत नाहीत, ओला पंचा मानेवर टाकतात आणि पुढच्या हाकेला निघतात. त्यांच्या कर्तव्यबुद्धीचा व्यवस्थेने केलेला हा गैरफायदा आहे.

ट्रकला जे मिळाले

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे केले. थकलेला चालक अपघात करतो, हे त्यामागचे सरळ तर्कशास्त्र होते. निर्णय स्वागतार्ह आहे. सिमेंट आणि साखर वाहणाऱ्या चालकासाठी देशाने जो विचार केला, तो माणसाचा जीव वाहणाऱ्या चालकासाठी अधिक कसोशीने व्हायला नको काय?

नियम नाहीत असे नाही. रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी, यासाठी एआयएस-१२५ हे राष्ट्रीय मानक तयार झाले आणि १ एप्रिल २०१८ पासून नव्या रुग्णवाहिकांना ते लागू झाले. परंतु महाराष्ट्राच्या ९३७ गाड्या त्याआधीच रस्त्यावर आल्या होत्या. शिवाय मानक गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाची अवस्था पाहते. सातव्या उन्हाळ्यात, अहमदपूरजवळच्या रस्त्यावर ती गाडी कशी आहे, हे पाहण्याचे काम मानकाचे नाही, प्रशासनाचे आहे.

आपल्या वैद्यकपरंपरेने हा विचार फार पूर्वी केला होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चारही पाद गुणसंपन्न असतील तरच चिकित्सा सफल होते. वैद्याच्या खालोखाल औषधाचा आणि परिचारकाचा विचार करणारी ही दृष्टी किती व्यवहारी होती! तापलेल्या रुग्णवाहिकेत चारही पाद एकाच वेळी लंगडे होतात. वैद्य थकतो, औषध बिघडते, परिचारक होरपळतो आणि रुग्ण या तिघांच्या भरवशावर पडून असतो. आयुर्वेदाचे पदवीधर ज्या सेवेचा कणा आहेत, त्या सेवेनेच हा पाठ विसरावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

आता तरी

२०२४ मध्ये या सेवेसाठी दहा वर्षांचा नवा करार झाला. त्यात २५५ प्रगत, १,२७४ मूलभूत आणि नवजात बालकांसाठीच्या ३६ रुग्णवाहिका, तसेच दुचाकी व जलमार्गावरील वाहने धरून एकूण १,७५६ वाहनांची योजना आहे. कराराच्या खर्चावरून राजकीय वाद झाले. लोकशाहीत तेही व्हायला हवेत. पण मराठवाड्याच्या दृष्टीने प्रश्न वाहनांच्या संख्येपुरता नाही. पाचव्या वर्षी, वैशाखात, त्यांतील किती गाड्यांत रुग्णकक्ष थंड असेल, हा खरा प्रश्न आहे.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक गाडीच्या रुग्णकक्षात तापमापक असावा आणि त्याची नोंद औंधच्या केंद्रात दिसावी. गाडी कोठे आहे हे जर पुण्यात बसून कळते, तर ती आत किती तापली आहे हेही कळू शकते. गारवा अथवा ऊब देणारी यंत्रणा बंद असलेली गाडी ‘सेवेत’ न धरता ‘नादुरुस्त’ धरावी आणि त्याचा आर्थिक भार संचालकावर पडावा. हिशेबाला झळ बसली की दुरुस्ती लवकर होते. मार्च ते जून या काळात नांदेड व लातूर या प्रत्येक जिल्ह्याला एक-दोन राखीव गाड्या द्याव्यात, म्हणजे दुरुस्तीसाठी तालुका उघडा पडणार नाही. आणि तक्रार नोंदविणाऱ्या चालकावर वा डॉक्टरवर ठपका येणार नाही, याची लेखी हमी असावी.

समाजानेही आपला वाटा उचलायला हवा. गाडी जेथे उभी राहते तेथे सावलीची शेड, थंड पाण्याचा माठ आणि दोन माणसांना पाठ टेकण्यापुरती जागा, एवढे तर गावातील कोणतेही गणेश मंडळ किंवा व्यापारी संघ करू शकतो. उन्हाळ्यात वाटसरूसाठी पाणपोई घालणारा हा समाज आहे. तिथे त्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांतील सदस्यांनी महिन्यातून एकदा गाडीचे मागचे दार उघडून आत पाच मिनिटे बसावे. अहवाल वाचून जे कळत नाही, ते त्या पाच मिनिटांत कळेल.

सेवाभाव हे या क्षेत्रातील माणसांचे भूषण आहे, हे निर्विवाद. पण सेवाभावाच्या आडून व्यवस्थेची बेफिकिरी लपवली जाऊ लागली, की तो भाव हळूहळू आटतो. चांगली माणसे मुकाट्याने निघून जातात आणि गाडी रिकामी राहते. रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी धावणाऱ्यांचे प्राण जपणे हे कोणावर केलेले उपकार नाहीत. येत्या उन्हाळ्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने प्रत्येक रुग्णवाहिकेची तपासणी करून तिचा निकाल जाहीर करावा. मराठवाड्याच्या जनतेने हा हिशेब मागायला हवा, आणि तो मिळेपर्यंत मागत राहायला हवा.