अडवले, रोखले की डांबले?

आपल्या मराठीत थांबवणे, अडवणे, रोखणे आणि डांबणे हे वेगवेगळे शब्द आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा त्यांची गल्लत करीत नाही. परंतु इंग्रजीची वेळ आली की आपल्या मुलांना एकच शब्द आठवतो : ‘स्टॉप’. पोलिसांनी स्टॉप केले, रस्ता स्टॉप केला. आम्ही कारकुनी करतो, इंग्रजी कागद रोज हाताखालून जातात. त्या कागदांत प्रत्येक शब्दाचे वजन निराळे असते, म्हणून आज या शब्दांची ओळख करून घेऊ.

‘स्टॉप’ म्हणजे चाललेले थांबणे किंवा थांबवणे. त्याच्यापुढे काय येते ते मात्र पाहावे. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा घ्यायला थांबला. दोन्ही अर्थ अगदी उलटे!

‘प्रिव्हेंट’ म्हणजे होऊच न देणे. रोग होण्याआधी लस टोचतात ती रोग प्रिव्हेंट करण्यासाठी. या शब्दामागे ‘फ्रॉम’ लागते : ‘दे प्रिव्हेंटेड अस फ्रॉम एंटरिंग’, त्यांनी आम्हाला आत जाऊ दिले नाही. ‘प्रिव्हेंटेड टू एंटर’ असे लिहू नये.

‘ऑब्स्ट्रक्ट’ म्हणजे वाटेत आडवे येणे. ‘कन्स्ट्रक्शन’ आणि हा शब्द एकाच मुळाचे : वाटेत जणू भिंत बांधणे. ‘हिंडर’ त्याहून सौम्य. काम चालते, पण रखडत. ‘ब्लॉक’ म्हणजे वाट पूर्ण बंद. रविवारचा मेगाब्लॉक सोसणाऱ्या मुंबईकरांना तो वेगळा सांगायला नको.

‘अरेस्ट’ म्हणजे जागच्या जागी थांबवणे. म्हणून हृदय एकाएकी बंद पडले की डॉक्टर ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणतात आणि पोलिसांनी अटक केली तरी ‘अरेस्ट’च. ‘डिटेन’ म्हणजे धरून ठेवणे, जाऊ न देणे. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत : अरेस्ट केलेल्या माणसाला, कारण शक्य तितक्या लवकर सांगितल्याशिवाय, कोठडीत डिटेन करता येत नाही. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. हे संरक्षण घटना समितीत १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नव्या १५-अ कलमाच्या रूपाने मांडले होते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम मात्र निराळे आहेत.

आता मुख्य मुद्दा. हक्काच्या वाटेने जाणाऱ्याला मुद्दाम अडवले, तर कायदा त्याला ‘राँगफुल रिस्ट्रेंट’ म्हणतो. चहूकडून हद्द घालून तिच्याबाहेर जाऊच दिले नाही, तर ते ‘राँगफुल कन्फाइनमेंट’. कुलूपच हवे असे नाही. दारांवर बंदूकवाले उभे करून ‘बाहेर पडलास तर गोळी घालू’ असे बजावले तरी ते कन्फाइनमेंट, हे उदाहरण कायद्यातच दिले आहे. जुन्या दंड संहितेत या व्याख्या कलम ३३९ व ३४० मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून त्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ व १२७ मध्ये आहेत. पहिल्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, दुसऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. दोन्हींत पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा. एका शब्दाने केवढा फरक पडतो पाहा!

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही हेच शब्द आहेत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ३ मध्ये, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला विहीर, नळ, स्मशानभूमी वा रस्ता वापरताना, किंवा लग्नाची वरात काढताना ‘ऑब्स्ट्रक्ट’ अथवा ‘प्रिव्हेंट’ करणे हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे आडवे येणेही गुन्हा आणि होऊच न देणेही गुन्हा.

बंधू-भगिनींनो, तक्रार इंग्रजीतच लिहावी असे मुळीच नाही. मराठीत लिहा, पण ‘आम्हाला त्रास दिला’ एवढ्यावर थांबू नका. कोण कुठे उभे होते, वाटेत काय आडवे टाकले, परत फिरायला वाट मोकळी होती की सगळीकडून कोंडले होते आणि किती वेळ, हे सगळे सांगा. लिहिणाऱ्याने वाचून दाखवल्यावरच सही करा. मराठीतले ‘अडवले’ आणि ‘डांबले’ नीट वेगळे लिहिले, तरच पुढच्या कागदात त्याजागी योग्य इंग्रजी शब्द आणि योग्य कलम येईल.

आणि घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर आज रात्री जेवणानंतर त्याला या प्रत्येक शब्दाचे एकेक वाक्य करायला सांगा. उद्या घरातला इंग्रजी कागद तेच वाचणार आहे.