दिव्यांगांची जागा, रखवालदाराची नजर

सदरमध्ये चारचाकी लावायला जागा शोधणे ही धडधाकट माणसाचीही परीक्षा आहे. रेसिडेन्सी रोडचा मधला भाग उड्डाणपुलाच्या खांबांनी घेतला, कडेला दुकाने, दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि दुचाक्यांच्या रांगा. त्यामुळे रुग्णाला घेऊन आलेली गाडी शेवटी इमारतीच्या आतल्या, कंत्राटदाराकडे दिलेल्या पार्किंगमध्ये जाते. तिथे दाराजवळ, निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेली एखादी जागा असते. त्या जागेवर गाडी लावली आणि उतरलेला माणूस आपल्या पायांनी चालत निघाला, की रखवालदार हटकतो. कधी पावतीवर ‘दंड’ लिहून जादा पैसे मागितले जातात. अशा वेळी काय करायचे, हा प्रश्न कायद्याचा वाटतो. माझ्या मते तो आधी वैद्यकशास्त्राचा आहे.

विदर्भातलेच उदाहरण घेऊ. सिकलसेलचा एखादा तरुण रुग्ण दिसायला अगदी ठणठणीत असू शकतो. पण त्याच्या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाला रक्त पोहोचले नाही, तर ते हाड हळूहळू मरते आणि खुब्यावर भार पडताच कळ येते. त्यातच दमणूक झाली, शरीरातले पाणी कमी झाले, तर वेदनेचा झटका येऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागते. हिमोफिलियात सांध्यांत रक्तस्राव होतो. बाहेरून दिसते ती फार तर थोडी सूज. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे तापमान किंचित वाढले तरी मज्जातंतूंतून संदेश जाणे मंदावते आणि सकाळी बरा चालणारा माणूस दुपारी अडखळतो. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या व्यक्तीला इजेखालच्या भागात नीट घामच येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा अशा माणसाला दाराजवळची सावलीतली जागा न मिळणे म्हणजे नुसती गैरसोय नसते.

सिकलसेल, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस हे तिन्ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, ते या कायद्याने २१ केले. गंमत अशी, की बांधकामाचे नियम मात्र जुन्याच चित्रात अडकले. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दिव्यांगांच्या वाहनांसाठी प्रवेशद्वाराजवळ दोन मोटारींची जागा, ती दारापासून जास्तीत जास्त ३० मीटरवर आणि रुंदी किमान ३.६ मीटर, अशी तरतूद आहे. या आकड्यांमागे हिशेब आहे. साधी जागा अडीच मीटरच्या आसपास असते. वरचा मीटरभर भाग दार पूर्ण उघडून खुर्चीत सरकण्यासाठी. ३० मीटरची मर्यादा थकव्यासाठी. गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायाने तेच अंतर कापायला धडधाकट माणसाच्या साधारण दीडपट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. पण याच नियमात पुढे पाटीवर लिहायचे आहे ते ‘चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी राखीव’ असे. मग पाटी वाचून खुर्ची शोधणाऱ्या रखवालदाराला एकट्याला दोष कसा द्यावा? संसदेने २१ प्रकार मानले, त्याच्या हातात एकच चित्र दिले.

आता त्या ‘दंडा’कडे. रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी केलेले ई-चलान हा सरकारी दंड. त्याची तक्रार महाट्रॅफिक ॲपवर किंवा लोकअदालतीत. खासगी आवारातल्या कंत्राटदाराला मात्र दंड करण्याचा अधिकार नाही. तो मागतो ती करार मोडल्याची भरपाई. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते, की करारात आकडा काहीही लिहिलेला असो, मिळेल ती वाजवी भरपाईच, आणि त्या आकड्याहून जास्त नाही. मुळात जागा दिव्यांगांसाठी राखीव असेल आणि गाडीतून उतरलेली व्यक्ती दिव्यांग असेल, तर करार मोडला कुठे? अपिलाचा सगळा जोर या एका वाक्यावर ठेवावा. दारात हुज्जत घालण्यापेक्षा पैसे भरून पावतीवर ‘हरकत नोंदवून भरले’ असे लिहावे, पाटीचा आणि जागेचा फोटो घ्यावा आणि त्याच दिवशी कंत्राटदार व इमारतीचे किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापन, दोघांनाही लेखी पत्र द्यावे. सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत पुरे. निदानाचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या कुणाला दाखवत बसू नये. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असतेच.

उत्तर आले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोन-तीनशे रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, हे खरेच. पण प्रश्न हक्क नाकारण्याचा असेल, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि २०१६ चा कायदा खासगी संस्थांनाही लागू आहे.

काही अपिले मात्र टिकणार नाहीत, हेही सांगायला हवे. वडिलांचे कार्ड काचेमागे ठेवून मुलगा एकटाच खरेदीला गेला असेल, तर वाद घालू नये. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाय प्लास्टरमध्ये आहे, हे दिव्यांगत्व नव्हे. कायदा दीर्घकालीन बाधेबद्दल बोलतो. तिथे विनंती करावी, आणि व्यवस्थापनाने ती ऐकावी. सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळणारे कार्ड ही जनुकीय स्थितीची नोंद आहे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही. नुसता वाहक असलेला माणूस दिव्यांग ठरत नाही. गुडघे झिजलेल्या आजींनाही वयामुळे आपोआप हक्क मिळत नाही. चालणे खरोखर कायमचे मर्यादित झाले असेल, तर यूडीआयडीच्या पोर्टलवर अर्ज करून मेयो किंवा मेडिकलमध्ये मूल्यमापन करून घ्यावे.

इंग्लंडमध्ये हा गोंधळ मिटवण्यासाठी ‘ब्लू बॅज’ आहे. गाडीच्या काचेमागे ठेवायचा हा परवाना माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वासाठीही तो मिळू लागला. आपल्याकडे देशभर चालेल असा पार्किंगचा परवाना नाही. २०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालक दिव्यांग असल्याची नोंद होऊ लागली, पण ती मालकाची. भावाच्या गाडीतून किंवा टॅक्सीतून दवाखान्यात येणाऱ्याला तिचा काय उपयोग?

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेचा नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यता ही नुसती शिफारस असू शकत नाही, बंधनकारक मानके तीन महिन्यांत करा, असे केंद्राला बजावले. मानके न पाळणाऱ्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखणे आणि दंड करणे, हेही त्यात आले. या मानकांत पार्किंगच्या जागेची रुंदी आणि अंतर येईलच. ती जागा कोणाची, हे कोण आणि कशावरून ठरवणार, हेही त्यात लिहिले गेले पाहिजे. तोपर्यंत सदरमधल्या रुग्णालयांना आणि व्यापारी संकुलांना आपल्या पार्किंगच्या कंत्राटात एक ओळ घालता येईल: यूडीआयडी कार्ड दाखवल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. त्यासाठी दिल्लीच्या मानकांची वाट पाहावी लागत नाही.